डॉनकाठी राहिलेली बहीण

तोलुन नऊ वर्षांची असताना तार्तर चालून आले आणि अख्खी कुमान जमात डॉन नदीकाठचं गवताळ रान सोडून पश्चिमेला पळाली. नदी ओलांडताना झुंबड उडाली, तेव्हा तिच्या हातातून थोरल्या बहिणीचा, कुमुशचा हात सुटला तो सुटलाच.

हंगेरीच्या राजानं जमातीला आसरा दिला. तोलुनचं लग्न तिथंच झालं, नवरा तिथंच गेला. लेक मात्र तिथल्याच मग्यार, म्हणजे हंगेरियन शेतकऱ्याच्या प्रेमात पडली, बाप्तिस्मा घेऊन एर्झेबेत झाली. तेव्हापासून तोलुननं तिच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तंबूच्या दारात लेक येऊन बसे, आई आतून बोले.

पुढं हुकूम निघाला: लोकरी नमद्याचे तंबू मोडा, घरं बांधा, येशूला माना. लढाई झाली, कुमान हरले. ज्यांना मान तुकवायची नव्हती त्यांनी पूर्वेकडे जायला गाड्या जुंपल्या. त्याच सुमारास घोड्यांच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं की डॉनकाठी कुमुश नावाची म्हातारी अजून आहे, डाव्या गालावर भाजल्याचा डाग असलेली. तोलुननं सामान बांधलं.

"आई, या वयात?" एर्झेबेत म्हणाली.

"चाळीस वर्षं इथं पाहुणीच आहे गं मी."

"आणि मी कोण? पाहुणीची पोर?"

तोलुन बैलाच्या जोताची गाठ उगाच पुन्हा आवळत राहिली. गाडी हलली तरी तिनं मान वळवली नाही.

उन्हाळा सरताना ती पोचली; तिच्या येण्याची खबर आधीच पोचली होती. तंबूतून डोक्यावरून घट्ट फडकं गुंडाळलेली एक वाकलेली बाई बाहेर आली, डाव्या गालावर तोच भाजल्याचा डाग; डोळे बारीक करून बघत राहिली.

"तोलुने! अगं, किती म्हातारी झालीस!"

"मग तू काय नवी नवरी आहेस?"

दोघी गळ्यात पडून हसल्या, मग रडल्या.

सकाळी तोलुन घोडीच्या दुधाचं भांडं घेऊन निघाली. टेकाडावर त्यांच्या आजीची दगडी मूर्ती होती. जमातीच्या जुन्या रीतीनं तिच्यापुढं दूध ओतायचं, ही आस तिनं सगळा जन्म जपली होती. त्यासाठीच तर तिनं पाद्र्याला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं.

"दूध सांडायला कुठं निघालीस?" कुमुश म्हणाली. "आमच्यात आता नाही करत तसं. थांब, नमाज पढून येते."

तोलुन जागच्या जागी उभी राहिली. भोवती कुमुशची नातवंडं जमली होती. तोलुनच्या बोलण्यात मग्यार शब्द आला की पोरं फिदीफिदी हसायची. "आजी, ही मग्यार आजी कुठून आणलीस?"

तोलुन एकटीच टेकाडावर गेली. मूर्ती आडवी पडली होती, अर्धी गवतात बुडालेली. तिनं दूध ओतलं. मन भरून येईल असं तिला वाटलं होतं. पण समोर एर्झेबेतच दिसत राहिली, तंबूच्या दारात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. त्या पोरीनंही देव बदलला होता, बहिणीनंही. बहिणीला तिनं गळ्याशी धरलं होतं, लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

परतीचा विचार तिनं केला. पण बर्फ पडू लागून डोंगरातल्या वाटा गाडीला बंद झाल्या होत्या; घोड्यावरचे व्यापारीच काय ते जात. पश्चिमेला जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे ती लेकीसाठी निरोप देई. उत्तर कधी आलं नाही.

हिवाळ्यात एकदा कुमुशनं विचारलं, "तुझी लेक काय गं रांधते तिकडे?"

"पाव. आंबवलेल्या पिठाचा. घर घमघमतं म्हणे."

"म्हणे? तू खाल्ला नाहीस?"

"आणून द्यायची. मी कुत्र्याला घालायचे."

दुसऱ्या दिवशी कुमुशनं कुठूनसं गव्हाचं पीठ मिळवलं. दोघींनी अंदाजानंच मळलं, चुलीच्या राखेत भाजलं. वरून करपलेला, आत कच्चा असा एक गोळा निघाला. तोलुननं घास मोडला, तो तिला गिळवेना. कुमुशनं राख झटकली आणि दातांनी तोडत तोडत बहिणीच्या वाटणीचंही खाल्लं.