वॉटलचा डिंक

अ‍ॅडलेडच्या प्रयोगशाळेत थीया व्हरेलसची सगळी पीएचडी एका डिंकावर उभी होती. वॉटलच्या, म्हणजे तिथल्या बाभळीच्या झाडाचा हा डिंक चिमूटभर घातला, की झिंक ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण लांब काड्यांऐवजी चपट्या चकत्या होऊन वाढत. निदान ती तसं लिहीत आली होती. लेख छापायला मंजूर झाला होता.

मग एक जुना चंबू फुटला. नव्या चंबूत तिने तोच डिंक घातला, तोच जस्ताचा क्षार घातला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर काड्या. नुसत्या काड्या.

तिने दुसरा जुना चंबू घेतला आणि डिंक न घालताच प्रयोग केला. चकत्या आल्या. डिंकाशिवायची तुलना तिने पहिल्या वर्षीच केली होती, पण तेव्हा चंबू कोरे होते.

थीया दुष्काळात वाढलेली. तिच्या गावात नळ सोडून ठेवणारा माणूस म्हणजे महापापी. चंबूंवरचा पांढरा थर लिंबातल्या आम्लाने काढायचा, एकदाच खळबळून घ्यायचं, नळ बंद. काचेला राहिलेला आम्लाचा अंश कणांच्या टोकांना चिकटे, टोकं वाढायची थांबत आणि कण आडवे पसरत. डिंक आपला फुकट मिरवत होता.

आता रडू येईल म्हणून ती स्टुलावर बसली. आलं नाही. खारट व्हेजेमाइट लावलेलं सँडविच खाल्लं, तर तेही बेचव लागलं. शेवटी ती उठून तिच्या मार्गदर्शकाकडे, डेस्मंडकडे गेली.

"कुणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुलाच."

"मग लिंबाच्या आम्लावर लिही की!"

"त्याने चकत्या होतात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, डेस."

डेस्मंडने टक्कल खाजवलं. "अगं बाई, नवे चंबू टाक कपाटात. जुन्यात तुझा डिंक चालतो ना? मग खोटं कुठं आहे?"

"जुन्यात काहीच घातलं नाही तरी चालतं."

तिने तिथेच लॅपटॉप उघडून संपादकांना लिहिलं, लेख मागे घेते. पाठवायचं बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला.

"चार वर्षं मुसळ केरात, आणि ही बघा, ढिम्म! काहीच वाटत नाही का गं तुला?"

"वाटेल," थीया म्हणाली. "आई विचारेल ना, झालीस का डॉक्टर, तेव्हा वाटेल."