दोन दिशांना फिरणारी चाकं

मी ‘लेडी हॅरिएट’ बोलतेय. एके काळी गाजलेलं इंजिन. आता भंगाराच्या रुळावर उभी आहे. उद्या घण घेऊन माणसं येतील म्हणतात, तेव्हा बोलायचं ते आजच बोलून घेते.

मला घडवणारे साहेब भारी काटकसरी. साधं इंजिन एकदा वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून देतं, ते त्यांना बघवत नसे. म्हणून माझ्यात वाफ दोनदा राबायची. आधी मागची चाकं फिरवायची, मग उरल्यासुरल्या जोरावर पुढची. एकाच चहापत्तीचा दुसरा चहा म्हणा ना. इतर इंजिनांची चाकं दांड्याने एकमेकांना बांधलेली असतात. माझ्या दोन जोड्या मोकळ्याच ठेवल्या. कोळसा खरंच कमी लागला. साहेबांची छाती फुगली, आणि खोटं कशाला बोलू, माझीही.

माझा ड्रायव्हर एनॉक हॅस्लम. त्याची हयात जुन्या इंजिनांवर गेलेली. कोळसा टाकणारा जेबेझ मला बाईसाहेब म्हणे.

लँकेशायरच्या कापडगिरण्या वर्षातून एकदा आठवडाभर बंद असतात आणि गावंच्या गावं समुद्राला जातात. त्या शनिवारी असंच एक अख्खं गाव माझ्यामागे होतं. त्यात एनॉकची एकुलती एक लेक हेटीही होती.

रेव्हनगिलच्या चढावर मेंढ्या आडव्या आल्या आणि एनॉकने मला थांबवलं. रूळ ओले होते. मेंढ्या गेल्या, पण मी काही हलेना. शेवटचे डबे दरीवरच्या अरुंद पुलावर, आणि मागून डाकगाडी यायची वेळ झालेली. चाकाखाली फुटून इशारा देणारे फटाके रुळावर लावायला गार्ड मागे पळाला.

एनॉकने जुन्या ड्रायव्हरांची रीत केली. गाडी जरा मागे सरू दिली, म्हणजे डब्यांमधल्या साखळ्या सैल होतात आणि इंजिनाला एकेक डबा ओढत निघता येतं. दुसऱ्या कुठल्याही इंजिनावर हे शहाणपण ठरलं असतं. पण मी मागे सरले की माझ्या पुढच्या चाकांना वाफ कुठल्या बाजूने द्यायची ते ठरवणारी कळ उलटीच राहते. अर्धा फेरा पुढे गेल्याशिवाय सुलटी होत नाही. त्याने वाफ सोडली. मागची चाकं पुढे फिरली, पुढची मागे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाईसाहेबांचा एक पाय चर्चला निघालाय, दुसरा गुत्त्याला,” जेबेझ म्हणाला.

“दात काढू नकोस. पहार घे. आणि माणसं उतरव, ढकलावं लागेल.”

गिरणीवाले उतरले. “तिकीटही आम्हीच काढायचं आणि गाडीही आम्हीच ढकलायची?” एक बाई म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी खांदा लावला. हेटी मैत्रिणींबरोबर पुलावर शेवटच्या डब्याला मागून जोर लावत होती. जेबेझने चाकाखाली पहार घातली. अर्धा फेरा झाला, कळ सुलटली आणि मी चालू लागले.

आता थांबणं शक्यच नव्हतं. थांबले की पुन्हा तेच. माणसं धावत डब्यांना लोंबकळली, आतल्यांनी त्यांना ओढून घेतलं. हेटीने एका म्हातारीला वर चढवलं, आणि लाकडी तळाच्या बुटांवरून घसरून ती स्वतः पुलावर पडली.

“एनॉकदादा, हेटी खाली राहिली. थांबव,” जेबेझ ओरडला.

एनॉकने बाहेर वाकून मागे पाहिलं. डाकगाडीची शिटी ऐकू आली. पुलावर बाजूला व्हायला जागा नव्हती.

“कोळसा टाक,” एनॉक म्हणाला.

जेबेझने पाठ फिरवून फावडं उचललं. मागे फटाके फुटले. मग ब्रेक किंचाळले. मग काहीच ऐकू येईना.

चढ संपल्यावर सपाटीवर आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने डाकगाडी हळूहळू आली. तिच्या इंजिनावर, ड्रायव्हरशेजारी हेटी उभी होती. गुडघे फुटलेले.

“बाबा, मला पाहिलं होतंत?”

“पाहिलं होतं.”

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता डब्याकडे गेली.

एनॉकने मला पुन्हा हात लावला नाही. साहेबांनी माझ्या काटकसरीचं गुणगान केलं, तरी नाही. म्हणून त्याला यार्डात डबे इकडून तिकडे ओढणाऱ्या इंजिनावर धाडलं, आणि तो तिथेच म्हातारा झाला. हेटी घरी फारशी आली नाही, असं जेबेझ सांगे.

माझं लोखंड वितळवा, मला त्याचं काही नाही. पण हेटी कुठे भेटली तर तिला एवढं सांगा. त्या चढावर तुझ्या बापाचा हात माझ्या वाफेच्या दांड्यावर होता. वाफ बंद करायला त्याने दांडा दोनदा ओढायला घेतला आणि दोनदा सोडला. जेबेझची पाठ होती. ते फक्त मला कळलं.