बॅटरीची आरती

केयूरला शिक्षा व्हावी असे मोनालीला वाटत नव्हते. त्याने आपल्या तोंडाने चारचौघांत खरे काय ते बोलावे, एवढेच तिला हवे होते. आणि तिच्या मते त्याच्यासाठी याहून मोठी शिक्षा दुसरी नव्हती.

दोघे एकेकाळचे भागीदार. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना होता. गाडीच्या मागे जोडून न्यायची, झोपायला गाद्या आणि स्वयंपाकाला ओटा असलेली छोटी चाकांवरची घरे तिथे बनत. पत्रा, रंग, गिऱ्हाईक आणि गोड बोलणे केयूरकडे, वीज मोनालीकडे. तिचे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे, आणि जे मोजता येत नाही त्यावर विश्वास न ठेवण्याची सवय त्याच्याही आधीची, घरातली.

तिची जोडणी साधी आणि चोख असे. एक बॅटरी पुढच्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापुरती. दुसरी मागच्या घरात, पंखा, दिवे आणि फ्रिज यांच्यासाठी. दोघींच्या मध्ये एक स्वयंचलित खटका. इंजिन चालू असेल तेव्हा तो दोघींना जोडतो आणि दोन्ही भरतात. इंजिन बंद झाले की दोघींची फारकत. म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू होण्याची हमी. प्रत्येक बॅटरीच्या तोंडाशी एक फ्यूज. आणि मागच्या बॅटरीच्या पेटीला दोन नळ्या, एक खालून हवा आत घेणारी, एक वरून बाहेर सोडणारी. केयूर स्वस्तातल्या, पाणी घालायच्या बॅटऱ्या आणी. तशी बॅटरी पूर्ण भरत आली की तिच्यातून हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि कोंडला तर त्याला फक्त ठिणगीची वाट पाहायची असते.

गेल्या वर्षी खंडेनवमीला इतवारीतल्या भांड्यांच्या व्यापारी शोभाताई यांची गाडी त्यांच्या हवाली करायची होती. शोभाताई गावातल्या भटक्या मंडळींच्या क्लबच्या अध्यक्ष, म्हणून सगळा क्लब हजर. बॅटरी आदल्या दिवसापासून चार्जरवर होती. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, सगळे यथासांग. मोनालीने बजावले होते, "ओवाळायचं ते बाहेरून ओवाळ. पेटी उघडू नको."

"देवीपासून काय लपवाचं वं?" असे म्हणून केयूर हसला होता. हातात कापराची आरती, मागे टाळ्या वाजवणारी मंडळी. मोनाली पुढच्या गाडीत खटका तपासत होती. तेवढ्यात केयूरने तिच्या भावाला, प्रशिकला, हाक मारली. "प्रशिक, झाकण उचल जरा."

प्रशिकने झाकण उचलले. केयूरने आरती आत नेली.

आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला, असे नंतर सगळ्यांनी सांगितले. केयूरच्या भुवया जळाल्या. झाकणावर वाकलेल्या प्रशिकच्या तोंडावर आम्ल उडाले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी उजवा डोळा वाचवला, डावा नाही.

आणि त्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, केयूरने शोभाताईंना सांगितले की वायरिंगमध्ये शॉर्ट झाला.

मोनालीने अवशेष तपासले. फ्यूज शाबूत होता. शॉर्ट झाला असता तर सर्वांत आधी तोच गेला असता. दोन्ही नळ्यांत रबरी बुचे ठोकलेली होती. कच्च्या रस्त्यावर पेटीत धूळ जाते म्हणून केयूरने, तिला न विचारता, ती बसवली होती. तिने फ्यूज दाखवला, बुचे दाखवली. केयूर म्हणाला, बुचे तिचीच असतील. लोकांनी फ्यूजकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि मान केयूरच्या बाजूने हलवली. आरतीने स्फोट होतो हे मान्य करण्यापेक्षा बाईच्या वायरिंगने होतो हे मान्य करणे सर्वांनाच सोयीचे होते. मोनालीकडे येणारे काम आटले. केयूर नव्या नावाने गाड्या बनवू लागला. नळ्या तशाच, बुचे तशीच.

वर्षभर मोनालीने कोणाशी वाद घातला नाही. वादात आवाज मोठा असणारा जिंकतो, आणि केयूरचा आवाज मोठा होता. प्रयोगाला आवाज नसतो.

यंदाच्या खंडेनवमीला क्लबची सगळी घरे एका मैदानावर ओळीने उभी होती. एका कडेला तर्री-पोह्यांचा ठेला, दुसऱ्या कडेला झेंडूच्या माळांचा ढीग. केयूर झब्बा घालून, कापराची थाळी घेऊन, ओळीच्या तोंडाशी उभा होता. मोनालीची पिकअप मैदानात शिरली तेव्हा टाळ्या थांबल्या.

तिने आणि प्रशिकने पिकअपचा मागचा फळका पाडून एक पत्र्याची पेटी उतरवली. मोजमाप गेल्या वर्षीच्याच पेटीचे. मग ती सरळ शोभाताईंसमोर गेली.

"ताई, मागच्या वर्षी तुम्ही त्याचं ऐकलं. आज माझंही ऐका. लई वेळ नाही घेणार."

"सणावाराच्या दिवशी भांडण नको वं, पोरी."

"भांडण नाही करून राहिली. केयूरला आरती करायचीच आहे ना? पहिली माझ्या पेटीची करू द्या."

केयूर हसला, पण थाळी त्याने दोन्ही हातांनी धरली. "काय नाटक करून राहिली तू?"

"ऐक." मोनाली वर्गात शिकवावे तशा आवाजात बोलू लागली. "तू सगळ्यांले सांगतलं का माझ्या वायरिंगनं पेटी फुटली. बरोबर? ही पेटी तशीच. आत तशीच बॅटरी, कालपासून चार्ज केलेली. निघताना चार्जरच्या तारा काढल्या आन् झाकण लगेच बंद केलं. दोन्ही नळ्यांत तशीच बुचं. फरक एकच. या पेटीत वायरच नाही. एकही नाही. टर्मिनल मोकळे आहेत, वर रबराच्या टोप्या. आता सांग, जिथं वायर नाही तिथं शॉर्ट कसा होईन?"

कोणीतरी मागून म्हणाले, "नाही होणार गा."

"म्हणजे तू सांगतलं ते खरं असेल तर ही पेटी देवघरासारखी सुरक्षित आहे. मग उघड, आणि ओवाळ. मागच्या वर्षी ओवाळली तशीच. आत हात घालून."

ज्या घटकावर संशय आहे तो काढून टाकायचा आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे. इतकाच तो प्रयोग होता. मैदानावरच्या निम्म्या लोकांना शाळेतले शास्त्र आठवत नव्हते, पण केयूरचा चेहरा वाचायला शास्त्र लागत नव्हते.

"मुहूर्त टळून राहिला," तो म्हणाला. "आधी बाकीच्या गाड्या..."

"मुहूर्त माझ्या पेटीले काहून नाही?"

"अरे, हे काय पूजेचं स्थान आहे का? उतरवलेली पेटी..."

"केयूरभाऊ," शोभाताई मध्येच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता व्यापारी होता, खोटे नाणे बोटात फिरवून पाहणारा. "एक आरतीच तर आहे. करून टाका ना."

कापूर जळत होता. केयूरने आजूबाजूला पाहिले आणि त्याला त्याचा कारागीर ऋषी दिसला, हार घेऊन उभा. केयूरच्या चेहऱ्यावर सुटकेची छटा आली. "ऋषी, धर ही थाळी. माझा हात भाजून राहिला. तू ओवाळ तिची पेटी, मी बाकीचं पाहतो."

ऋषी मालकाने सांगितले ते करणारा. त्याने हार खांद्यावर टाकला, थाळी घेतली आणि पेटीकडे निघाला. तो पुढे सरकू लागला तसा केयूर मागे सरकू लागला. आधी एक पाऊल, मग भराभर, पोह्यांच्या ठेल्यापर्यंत. त्याने आपला हात डोळ्यांपुढे धरला होता. त्याला ते कळतही नव्हते.

सगळ्या मैदानाने ते पाहिले.

मोनालीच्या मनात त्या क्षणी जे आले ते तिने नंतर कोणालाच सांगितले नाही. ऋषीने आणखी थोडे पुढे जावे, असे तिला वाटले. पुरावा पूर्ण झाला असता. असे वाटून घेणारी बाई आपणच, याची नोंद तिने थंडपणे करून ठेवली, आणि हात आडवा केला.

"ऋषी, थाळी खाली ठेव. मागे हो." मग तिने प्रशिकला खूण केली.

प्रशिकने लांब बांबूच्या टोकाला कापराची वडी बांधून पेटवली. झाकणाला दोरी आधीच बांधली होती. सर्वांना पिकअपच्या आड जायला सांगून त्याने दोरी ओढली आणि बांबू आत सरकवला.

तोच आवाज. झाकण उडून झेंडूच्या ढिगात पडले. लहान मुले किंचाळली, मोठ्यांनी त्यांना जवळ ओढले. वायर नव्हती, आरती होती.

सर्वांत आधी शोभाताई भानावर आल्या. त्या प्रशिकजवळ गेल्या, आणि त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले तर आपण त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन उजवीकडे वळल्या.

केयूर ठेल्यापासून परत आला. हात जोडलेले. "मोनाली, चुकलं. झालं ते झालं. आता सोड. सण आहे."

"सोडीन ना," मोनाली म्हणाली. "तुझ्या किती गाड्या आहेत इथं?"

त्याने ओळीकडे पाहिले. जवळजवळ सगळ्याच त्याच्या होत्या.

"प्रत्येक गाडीची पेटी तू उघडशील. आधी आरत्या विझवून. बुचं तू काढशील, तुझ्या हातानं. आणि प्रत्येक मालकाले सांगशील, बूच कोणी ठोकलं, काहून ठोकलं, आणि मागच्या वर्षी दवाखान्यात शोभाताईंशी तू काय खोटं बोललास. प्रशिक सोबत राहील. त्याचा एक डोळा चांगला आहे, तेवढा पुरे."

"सगळ्यांसमोर?"

"मागच्या वर्षी आरतीलेही सगळेच होते की."

पहिली गाडी एका निवृत्त प्राध्यापकांची होती. केयूर झब्ब्यासकट जमिनीवर बसला, पकड घेऊन पेटीखाली वाकला. बूच घट्ट होते. ते निघेपर्यंत त्याच्या गुडघ्यांना माती लागली. मग तो उभा राहिला आणि जमिनीकडे पाहत काहीतरी पुटपुटला. प्राध्यापकांनी मान हलवली, कदाचित सभ्यपणाने.

मोनाली गर्दीच्या मागे उभी होती. तिने ऐकले होते, शब्द न् शब्द.

"मले ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पुन्हा सांग. पहिल्यापासून."