चार शाळांची एक पृथ्वी

मी पृथ्वीगोल बोलतोय. घाबरू नका, भूगोलाचा तास घेणार नाही. माझाच भूगोल जुना झालाय. माझ्या अंगावर सोव्हिएत रशिया अजून अखंड आहे, आणि हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या खाली, निळ्या शाईत बुडवलेली डॉक्टरी पट्टी चिकटवलेली आहे.

माझा जन्म पुठ्ठ्याचा. दोन अर्धगोल जोडले, वर छापील कागदाच्या फाका चिकटवल्या, की झाली पृथ्वी तयार. सांगलीच्या एका दुकानातून अठ्ठ्याऐंशी साली एका शिक्षणसंस्थेनं मला विकत घेतलं. संस्थेच्या शाळा चार. एक माधवनगरला, एक तासगावकडं, एक विट्याजवळ आणि चौथी वडूजच्या पुढं माळावर. चारी विनाअनुदानित, आणि गोल मात्र मी एकटा.

आता गंमत ऐका. शाळेत साहित्य पूर्ण असेल तरच अनुदान, असा सरकारचा नियम. अनुदान नसताना साहित्य आणायचं कुठून, ते नियमात नव्हतं. मग मास्तरलोकांनी डोकं चालवलं. ज्या शाळेची तपासणी, तिथं आदल्या दिवशी मी हजर. माझ्यासोबत एक सूक्ष्मदर्शक आणि हाडांच्या सापळ्याचा तक्ता. लग्नघरी शेजारची भांडी आणावीत तसं हे चाललं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

मला न्यायचं-आणायचं काम नाथाजीकडं. नाथाजी संस्थेचा शिपाई, पण त्याआधी पंधरा वर्षं फौजेच्या भांडारात काढलेली. एसटीत मला मांडीवर घेऊन बसायचा आणि कुणी खेटलं की म्हणायचा, "सरकारी सामान हाय, सरकून बसा." एकदा मायणीजवळच्या खड्ड्यात एसटी उडाली आणि मी थेट कंडक्टरच्या पायाशी जाऊन पडलो. ती पट्टी तेव्हाची. या भल्या माणसाला एक फौजी खोड होती. सामान जागचं हललं की लिहून ठेवायचं. माझ्या लाकडी बुडाखाली तो पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचा, 'माधवनगर रवाना, विटा पोच', खाली तारीख आणि सही. बूड उलटं करून कोण बघतंय, असं त्याला वाटायचं.

बघणारा निघाला. नव्वद सालच्या तपासणीत पथकाबरोबर शिक्षकांचे आमदार आकाराम सर होते. पंचवीस वर्षं भूगोल शिकवून विधान परिषदेवर गेलेला माणूस. सदऱ्याच्या खिशात सुपारीची डबी, चष्मा कपाळावर आणि त्याचा शोध टेबलावर. भाषणाला उभे राहिले की ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हायचा, हेही सांगून टाकतो. पण इतर पुढारी शाळेत आले की हार घालून घ्यायचे, हे आले की खडू मागायचे.

सोमवारी त्यांनी मला विट्याजवळच्या शाळेत पाहिलं. गुरुवारी पथक माळावरच्या शाळेत आलं, तेव्हा तिथंही मीच!

तिथल्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनीबाई. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातल्या मुली शिकवायच्याच असं ठरवलं, त्या घरातल्या पहिल्या पदवीधर. चार वर्षं बिनपगारी शिकवत होत्या. यंदा अनुदान आलं नाही, तर संस्था आठवी ते दहावीचे वर्ग बंद करणार होती. मुलगे सायकली मारत वडूजला गेले असते, मुली घरी बसल्या असत्या. आठवीतल्या वैजंताची आई बायडाबाई तर सरळ म्हणाली होती, "शाळा हितं हाय तवर शिकंल. वडूजला कोण धाडतंय?"

सरांनी नेमकं वैजंतालाच पुढं बोलावलं. "आपलं गाव दाखव बघू."

पोरीनं मला अलगद फिरवलं आणि साताऱ्याच्या जागी बोट ठेवलं. "हितं हाय, सर. पर लय बारीक हाय, दिसत न्हाई."

सर हसले. मग त्यांची नजर पट्टीवर गेली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि वाचत राहिले. दोन वर्षांच्या सगळ्या रवाना-पोच.

तपासणी अधिकाऱ्यांनीही वाकून वाचलं. "ही फसवणूक आहे. या शाळेची शिफारस मी करू शकत नाही."

नाथाजी दारातच उभा होता. "माझ्या लिवण्यानं शाळा बुडाली वो," एवढंच बोलला. बाई मात्र पुढं झाल्या. "फसवलं ते आम्ही, साहेब. मुलींनी नाही. शिक्षा आम्हाला करा, पण वर्ग बंद पाडू नका." मान ताठ होती.

मला वाटलं, आता आमदार अधिकाऱ्यांना बाजूला घेतील, कानात काहीतरी सांगतील आणि मिटवून टाकतील. सर म्हणाले, "साहेब, खरं तेच लिहा. शाळा चार, गोल एक. अक्षरसुद्धा गाळू नका."

बाईंनी सरांकडं रागानं पाहिलं. मलाही सरांचा राग आला, खोटं कशाला बोलू? मग सर बाईंकडं वळले. "संस्थेशी मी बोलतो. माझं काम होईपर्यंत एकही वर्ग बंद होणार नाही. तेवढा हा गोल मला द्या." नाथाजीनं डोळे पुसत पेन्सिल काढली आणि माझ्या बुडाखाली लिहिलं, 'नागपूर रवाना'.

हिवाळी अधिवेशनात सरांनी पिशवीतून मला काढून समोरच्या बाकावर ठेवलं. सभागृहात वस्तू आणायची नाही, असं सभापतींनी लगेच सुनावलं. मागून कुणीतरी हसलं, "मास्तर, तास घेणार काय?"

"काढून ठेवतो, सभापती महोदय," सर म्हणाले. "पण परवापर्यंतच्या सरकारी कागदावर आमच्या चार शाळांत चार गोल होते. या गोलाच्या बुडाखाली एका शिपायानं लिहिलंय की गोल एकच आहे. मी शिपायाचं खरं मानतो. आधी हंडा भरून दाखवा, मग विहीर खणून देतो, असं आपण या शाळांना सांगतोय. चांगल्या माणसांना खोटं बोलायला लावणारा हा नियम आहे. तो बदला."

आणि चक्क खाली बसले. त्यांचं इतकं छोटं भाषण कुणी ऐकलं नव्हतं.

एका भाषणानं काम होतं थोडंच! पुढं दीड वर्ष सर मंत्रालयाचे जिने चढत-उतरत राहिले. फाईल ज्या टेबलावर अडकेल तिथं ते मला नेऊन उलटं धरायचे. अखेर ब्याण्णवच्या जूनमध्ये हुकूम निघाला. शेजारच्या शाळांनी साहित्य उघडपणे वाटून वापरावं, आणि साहित्य नाही एवढ्यावरून कुणाचं अनुदान अडवू नये. माळावरच्या शाळेला अनुदान मिळालं, तेव्हा वैजंता दहावीत गेली होती. मी माळावर परत आलो. नाथाजीनं 'पोच' लिहिलं आणि आधी मला नमस्कार केला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण चारी शाळांना नवे गोल आले आणि मी मानाचा झालो. पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर पडला, मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर कुलूप. सहा वर्षं मी काचेतून पोरांच्या पाठी बघत होतो. नव्हतो तेव्हा माझ्यासाठी जीव टाकणारी माणसं, मिळाल्यावर किल्ली कुठं ठेवली तेही विसरली.

अठ्ठ्याण्णव साली आकाराम सर आले. आमदारकी संपलेली, हातात काठी. दारात सामोऱ्या आल्या त्या पाचवीच्या नव्या बाई, आमची वैजंता.

"बाई, गोल कुठाय?"

"कपाटात आहे, सर. फुटेल म्हणून ठेवलाय."

"अहो, फुटकाच होता तेव्हा चार शाळा शिकल्या त्याच्यावर!"

किल्ली सापडेना. मग निवृत्त झालेल्या नाथाजीला बोलावणं गेलं. त्यानं कुलपाला हातच लावला नाही, बिजागरीचे स्क्रू काढून दारच उतरवलं. सरांनी मला उलटं धरलं, नाथाजीकडं पेन्सिल मागितली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'कपाट रवाना, पाचवी पोच'. खाली सही केली.

तेव्हापासून मी पाचवीच्या टेबलावर आहे. रोज कुणीतरी आपलं गाव दाखवतं. इतकी बोटं टेकली की साताऱ्याच्या जागचा रंग उडून आतला पुठ्ठा दिसायला लागलाय. हात जोडून सांगतो, मला पुन्हा रंगवू नका. आता ते गाव वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही दिसतं.