सासूबाईंचं लिथियम

"आला! आकडा आला!" इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये माणसं खुर्च्यांवर चढून बघत होती. यंत्र विकणारे थेंबवाले सर साबणाच्या वडीएवढं यंत्र उंच धरून गरजले, "लॅब नाही, रांग नाही! एक थेंब, आणि मनाच्या औषधाचं विष अंगात किती साठलंय ते घरच्या घरी!"

सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या सासूबाईंच्या. कारण तसलं यंत्र आमच्या घरी होतं आणि बोट माझं होतं.

बाळंतपणानंतर माझं मन उधळलं होतं. झोप नाही, बडबड थांबेना. लिथियमच्या गोळ्यांनी मी जागेवर आले. या औषधाचं रक्तातलं प्रमाण लॅबमध्ये मोजत राहावं लागतं; त्याऐवजी हे यंत्र आलं. ते "जास्त" म्हणालं की माझी गोळी अर्धी, वर सरांकडून विकत घेतलेले शुद्धीचे थेंब प्यायचे. अर्ध्या गोळीवर पुन्हा झोप उडाली, चिडचिड वाढली. "मला लॅबमध्ये न्या," म्हटलं की नवरा म्हणे, "बघ, आवाज चढला. आई, जरा मोज." आणि आकडा खरंच चढलेला! बाळ सासूबाईंच्या खोलीत, दाराला आतून कडी. मी बाहेर उभी राहून त्याचं रडणं ऐकायची, तेही हसत. रडले असते तर पुन्हा मोजलं असतं.

हसता हसताच एक लक्षात आलं. यंत्राच्या पट्टीवर थेंब टेकवण्याआधी एक बटण दाबावं लागे, हसरा चेहरा किंवा रागीट. "यंत्राला पेशंटची ओळख पटते," असं सर सांगत. मी हसले की सासूबाई हसरा चेहरा दाबत आणि आकडा उतरे.

"या, सूनबाई, पुढे या!" सरांनी यंत्र टेबलावर ठेवून मला बोलावलं.

"आई, आधी तुम्ही. मला टोचायची भीती वाटते."

"एवढ्याशा टोचण्याला? तीन पोरं जन्माला घातलीत मी!" सासूबाईंनी ऐटीत बोट टोचून घेतलं.

"अहो, त्यांचं नको..." सर धावले. तोवर मी रागीट चेहरा दाबून सासूबाईंचा थेंब टेकवला होता.

"एक पूर्णांक सात दशांश. धोका!" मी मोठ्याने वाचलं. "आई, तुम्ही कधीपासून लिथियम घेता?"

"मी? मी डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेत नाही!"

"काकू, सुनेची चोरून खाता काय?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

त्याच बोटाचा दुसरा थेंब, आता हसरा चेहरा. आकडा अर्ध्यावर!

"पट्टी खराब आहे," सर पुटपुटले. मी रागीट चेहरा दाबला आणि नव्या पट्टीवर नळाचं पाणी टाकलं. पुन्हा एक पूर्णांक सात दशांश.

"पाण्यालाही औषध चालू आहे वाटतं," नवरा सरांना म्हणाला. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही.

सासूबाईंनी यंत्र हातात घेतलं. "म्हणजे मी दाबत होते तेच ते सांगत होतं?"

तेच. आकडा बटण ठरवत होतं, रक्ताचं त्यात काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेण्याआधी लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं. लिथियम हवं त्यापेक्षा फार खाली गेलं होतं. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली. बाळ आता माझ्याजवळ झोपतं. आमच्या खोलीचं दार मात्र उघडं ठेवायचं, असं घरात ठरलं आहे.

घरी मोजणारं खरं यंत्रही निघेल, निघायलाच हवं. पण कुठल्याही यंत्रावर विसंबण्याआधी, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असा थेंब त्याला देऊन पाहा. आणि आजारातून उठलेली बाई "तपासून घ्या" म्हणाली, तर तिला गप्प करू नका. तपासून घ्या.