दुपारची चावी

कल्पिताने समृद्धीचं डोकं मांडीवर घेतलं, मोबाइलचा टॉर्च तिच्या तोंडाकडे धरला आणि टाळूला बसवलेल्या स्क्रूच्या बारीक भोकात चावी घातली. चावी कसली, वाकवलेली तारच ती. पुढून मागे, घशाच्या दिशेने, एकदाच ढकलायची.

"दुखलं?"

"नाही. नाकात दाबल्यासारखं झालं," समृद्धी म्हणाली आणि दप्तर शोधायला पळाली.

कल्पिताने चावी धुतली आणि देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. हरवू नका म्हणून वर्तकनगरच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, आणि या घरात वस्तू जागच्या जागी सापडेल असं ठिकाण ते एकच होतं. तिथे हात लागायचा तो फक्त तिच्या सासूचा, सखुबाईचा, पूजेपुरता.

समृद्धी नऊ वर्षांची. बाळ होती तेव्हापासून तोंड उघडं ठेवून झोपायची आणि घोरायची. तेही असं, की पाहुणे दचकून उठावेत. "पोरगी नाय ही, घोडबंदर रोडचा डंपर आहे," दिपेश लाडाने म्हणायचा. बापाला सगळ्याचंच कौतुक. पण मधेच तो आवाज तुटायचा, पोर निपचित पडायची, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा एकदम श्वास घ्यायची. सकाळी डोकं दुखायचं. शाळेत बाकावर झोपायची. बाई म्हणायच्या, आळशी आहे. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तेव्हा दिपेशला वाटलं, चुकून दुसऱ्याच पेशंटची चिठ्ठी दिली.

"वरचा जबडा अरुंद आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून दात एकमेकांवर चढलेत. दातांचं राहू द्या, ते दिसायला वाईट एवढंच. पण टाळू म्हणजे नाकाची जमीन. स्क्रूने ती रोज थोडी रुंद केली की वरून वारा नीट खेळेल. या वयात हाड ऐकतं."

दिपेशच्या वडिलांनी मिठागर विकून ही चार मजली बिल्डिंग बांधलेली. जमीन कमी होताना या घराने पाहिली होती. रुंद होते हे प्रथमच ऐकलं.

"समोरच्या दोन दातांत फट पडेल," मॅडमनी निघताना सांगितलं. "घाबरू नका. पडली म्हणजे काम होतंय. नंतर मिटते."

फट पडली. आणि एका सकाळी समृद्धी कुणी हाक न मारता उठली, डोक्याला हात न लावता दात घासायला गेली. कल्पिता बाथरूमच्या दाराशी उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं पोरीला आळशी म्हणू दिलं, याचं तिला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी समृद्धी काहीतरी सांगताना आजीसमोर खळखळून हसली. सखुबाई तव्यावर भाकरी टाकत होती. तिचा हात तसाच राहिला. भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

"रतन," ती म्हणाली.

रतन म्हणजे दिपेशची थोरली बहीण. दिपेश पाळण्यात असताना गेली, एवढंच कल्पिताला ठाऊक होतं. कशाने, असं विचारलं की गावातल्या बायका खाडीकडे बोट दाखवायच्या आणि विषय बदलायच्या. घरात तिचा फोटो नव्हता. पण ज्यांनी तिला पाहिलं होतं त्या म्हाताऱ्या एकेक करून वर येऊ लागल्या. कुणी ताजी कोलंबी घेऊन, कुणी नुसतीच. समृद्धीला हसायला लावायच्या, त्या फटीकडे बघायच्या, तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायच्या.

"सखूची रतनच गो ही. दातसुदीक तेच."

समृद्धीला या कौतुकाची गंमत वाटायची. एका संध्याकाळी सखुबाईने गॅलरीतून "रतन गो" अशी हाक मारली आणि खालून पोरीने सहज "ओ" दिली. कपडे वाळत घालणाऱ्या कल्पिताने हातातला ओला फ्रॉक टाकून खाली वाकून पाहिलं.

त्यानंतर ती फट मिटायला लागली. कल्पिता रोज न चुकता चावी फिरवत होती, तरीही. घोरणं परत आलं. डोकेदुखी परत आली.

मॅडमनी आत बघितलं, पुन्हा बघितलं. "स्क्रू जवळजवळ सुरुवातीच्या जागी आलाय. रोज फिरवता ना?"

"रोज. मी स्वतः."

"घरात आणखी कुणी हात लावतं?"

"नाही हो. कोण लावणार?"

रिक्षात मॅडमचा प्रश्न कल्पिताच्या मनात घोळत राहिला. बी.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी बाई आपण, आणि डोक्यात येतंय काय, तर खाडीतून आलेली कुणीतरी पोर आपलं तोंड परत मागतेय. तिला स्वतःचाच राग आला. तरी तिने समृद्धीला जवळ ओढून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी बँकेत वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. समृद्धी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तोंड उघडं, डोळेही उघडे, छताकडे लागलेले. सखुबाईने चष्मा लावला होता. तिच्या बोटांत ती तार होती आणि ती सावकाश फिरवत होती. मागून पुढे.

"आई, काय करताय?"

सखुबाईने तार बाहेर काढली. समृद्धीच उठून बसली.

"दुपारची चावी, मम्मी. सकाळची तुझी एकदा, दुपारची आजीची दोनदा. डॉक्टरांनीच सांगितलंय ना?"

कल्पिताने तिला सायकल खेळायला खाली पाठवलं. मग दार लावून ती सासूसमोर बसली. लग्नाला बारा वर्षं झाली, ती आवाज चढवून कधी बोलली नव्हती.

"तिचा श्वास अडकतो, आई! तुम्हाला रतनताईंचा चेहरा बघवत नाही म्हणून माझ्या पोरीने गुदमरायचं?"

"चेहऱ्याचं काय नाय," सखुबाई म्हणाली. "पोरीचा रातचा आवाज बंद झाला गो."

"व्हायलाच हवा. त्याच्यासाठीच तर हे सगळं."

सखुबाई तारेकडे बघत राहिली.

"रतन पन अशीच घोरायची. लोक बोलले, खाडीवरचं लागलंय. भगताने अंगारा दिला. त्या राती आवाज बंद झाला. मना वाटलं, उतरलं. दिपेस पन रडला नाय. कवा नाय ती मी गाढ झोपली." तिने तार पदराला पुसली. "सकाली उठवाया गेली तिला."

खालून सायकलची घंटी ऐकू आली. कल्पिताने हात पुढे केला. सखुबाईने चावी तिच्या तळव्यावर ठेवली.

त्यातलं काहीच कल्पिताने दिपेशला सांगितलं नाही. चावी पर्समध्ये गेली. फट पुन्हा पडली, आवाज पुन्हा थांबला. समृद्धी वर्गात जागी राहू लागली, भाकरी नीट चावून खाऊ लागली. तिची चित्रकलेची वही बाईंनी सगळ्यांना दाखवली. घरात सगळ्यांचं चांगलं चाललं होतं. फक्त सखुबाईचे डोळे लाल असायचे. रात्रभर ती नातीच्या उशाशी बसून असते, हे आता कल्पिताला माहीत होतं.

चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती. जेवून समृद्धी आडवी झाली आणि लगेच झोपली. ओठ मिटलेले. सखुबाई भिंतीला टेकून बसलेली.

"आई, तुम्ही पडा जरा. मी बसते."

"डोला लागंल मना."

"लागू दे. मी आहे ना. मी नाही झोपणार."

सखुबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग नातीकडे तोंड करून, पदर अंगावर घेऊन ती आडवी झाली. थोड्या वेळाने तिची मूठ सैल पडली.

कल्पिताने मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. समोरच्या रस्त्यावरचं मेट्रोचं काम बहुतेक जेवणासाठी थांबलं होतं. बाहेरूनही आवाज येत नव्हता. समृद्धीचा आवाज नव्हता. सखुबाईचाही नव्हता. हे चांगलं आहे, कल्पिताने स्वतःला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, असंच झोपायला हवं. तिने समृद्धीच्या छातीकडे बघितलं. फ्रॉक हलत होता. सखुबाईचा पदरही हलत होता. वर पंखा जोरात फिरत होता, त्यामुळे खोलीतलं सगळंच हलत होतं.

कल्पिता उठली. तिने पंखा बंद केला आणि दोघींच्या मधे जमिनीवर बसून ऐकू लागली.