नुकसानीचा रकाना

फान फ्लोकला या जगात मी आणलं. त्याची आई दोन दिवस अडली होती, सुईण नदीपलीकडे अडकली होती, तेव्हा मीच बाह्या सावरून त्याला पायाला धरून बाहेर काढलं. तोच फान आता सरकारी तपासनीस होऊन माझ्या ओसरीवर बसून कॉफीचा तिसरा कप पीत होता आणि मला सांगत होता की माझी मेंढरं इथून हलणार नाहीत.

"मावशी, कायदा मी केलेला नाही," तो म्हणाला.

"करशील कसा? तुला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही."

खरूज कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. खरूज एका कळपातून दुसऱ्या कळपात जाते, लोकर झडते, म्हणून केप टाउनच्या साहेबांनी ठरवलं की खरजुला कळप औषधाच्या हौदातून दोनदा बुडवून काढायचा, मध्ये दहा दिवस जाऊ द्यायचे, आणि तपासनिसाचा परवाना हातात येईपर्यंत आपल्या हद्दीबाहेर एक खूर टाकायचा नाही. कायद्यात तसं वाईट काही नाही. ज्यानं लिहिला त्याच्या खिडकीबाहेर तेव्हा पाऊस पडत असणार, एवढंच. आमच्या कारूच्या माळरानात चौदा महिन्यांत पाऊस नव्हता.

"चारशे तीस मेंढरं," मी म्हटलं, "आणि खरूज किती जणींना?"

"दोघींना. पण दोघींना म्हणजे सगळ्या कळपाला."

"बरं. बुडवते. कशात?"

"हौदात."

"हौदात काय आहे?"

त्यानं मान वळवून पाहिलं. हौदात एक पाल होती आणि मागच्या वर्षीचा पाला होता.

"पाणी लागेल," तो म्हणाला.

"पाणी आंद्रीसकडे आहे." आंद्रीस माझा भाऊ. नदीच्या पलीकडे, तीन दिवसांच्या वाटेवर. त्याच्याकडे पाऊस झाला होता, गवत गुडघ्याएवढं आलं होतं. "तिकडे नेते, तिकडेच बुडवते. दे परवाना."

"परवाना बुडवल्यावर."

"आणि बुडवायचं पाण्यात."

"हो."

"आणि पाणी आंद्रीसकडे."

"मावशी, तुम्ही मला गोल गोल फिरवताय."

मी फिरवत होते. मी. मी उठून आत गेले, कारण हातात कॉफीची किटली होती आणि ती गरम होती.

मग शाळामास्तरांकडून मॅजिस्ट्रेटसाहेबांना अर्ज लिहून घेतला. मी विधवा जाकोमिना स्टीनकाम्प, माझी मेंढरं मरतायत, आंद्रीसपर्यंत जाऊ द्या, दोनदा काय चारदा बुडवीन. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला ठाऊक होतं, पण मेंढरांना कोण सांगणार? सोळा दिवसांनी फान लांबलचक पाकीट घेऊन आला. मला वाटलं, आला एकदाचा परवाना.

"साहेबांनी तुमचा अर्ज पाठवलाय," तो म्हणाला.

"कुणाला?"

"मला. अहवाल मागितलाय."

"म्हणजे तुझ्यावरची तक्रार तुझ्याकडेच आली."

"तशी पद्धत आहे. मी उत्तर लिहून टाकलंय."

"काय लिहिलंस?"

"की नियमाप्रमाणे दोनदा बुडवल्यावर परवाना देण्यास हरकत नाही."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता. बत्तीस वर्षांत आमच्या घरातून कुणी अर्धी कॉफी टाकून गेलं नव्हतं. त्या दिवशी फान गेला.

तोवर सत्तावन्न मेली होती. रोज सकाळी माझा मेंढका अपोलिस गोठणावर जायचा, रात्रीत आडवी झालेली ओढून काढायचा आणि सोलायला बसायचा. अपोलिस माझ्या नवऱ्याच्या आधीपासून या शेतावर होता. बोलायचा कमी आणि नेमका मी भडकलेली असताना बोलायचा. नवरा गेल्यावर माझ्याकडे उरलं ते हे एवढंच होतं, घर, अपोलिस आणि मेंढरं. मेंढरं गेली की घरही जाणार आणि मी आंद्रीसच्या बायकोच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून बटाटे सोलणार. तिचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही.

"बाई," अपोलिस कातडं ताणत म्हणाला, "माझं गाढव आठवतं?"

"मेंढरं मरतायत आणि तुझं गाढव काय आठवू?"

"गेल्या साली चुकून दुसऱ्याच्या रानात शिरलं. त्यांनी कोंडवाड्यात घातलं. महिन्यानं सोडवून आणलं तर मलाच ओळखू येईना. हे एवढं पोट."

"बरं मग?"

"कोंडवाडा रीटफ्लेईला आहे. तिथला झरा कधी आटत नाही. कोंडलेल्या जनावराला पाणी-चारा द्यायचा, असा त्यांना हुकूम आहे. खरजुलं निघालं तर तेच बुडवतात, हौद आहे त्यांचा." त्यानं सुरी पुसली. "आणि कोंडवाड्यात न्यायला परवाना लागत नाही. भटक्या जनावराला कोण परवाना विचारतो?"

मी तिथंच दगडावर बसले. दोन वर्षांमागे साहेबांनी कायदा केला, फाननं तो पाठ केला, मास्तरांनी अर्ज लिहिला, आणि अक्कल होती ती एकट्या अपोलिसकडे.

पण भटकलेली जनावरं पकडून कोंडवाड्यात नेतो तो ज्याच्या रानात ती शिरतात तो शेतकरी. आणि रीटफ्लेईच्या वाटेवर आमच्या शेताला लागून रान होतं एकाचंच. बारेंद नॉर्टियेचं.

बारेंदशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मोजणीवाल्यानं हद्दीचा दगड वीस पावलं इकडे बसवला की तिकडे, यावरून माझा नवरा आणि तो जे भांडले ते माझ्या नवऱ्याच्या मरणापर्यंत. अंत्यविधीला बारेंद आला, टोपी काढून कुंपणाबाहेर उभा राहिला, आत आला नाही. त्याआधी दर वर्षी त्याचा निरोप यायचा: तुमच्या एका मेंढीचा खूर माझ्या रानात दिसला तर सगळा कळप कोंडवाड्यात घालीन. दर वर्षी. मी त्या निरोपाला उत्तरसुद्धा देत नसे.

आता त्याच्याच दारात जायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, तरी मी आधी हवापाण्याचं बोलले, मग त्याच्या बायकोचं. मार्टिना हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती, छातीचं दुखणं. जेवण तिच्या पोटात टिकत नसे, फक्त दूध टिकायचं. त्यासाठी बारेंदनं विहिरीशेजारी चादरीएवढा लसूणघासाचा तुकडा कुंपण घालून राखला होता. रोज बादलीनं पाणी घालायचा. सगळ्या मुलुखात तेवढंच हिरवं होतं, आणि त्यावर त्याची एकुलती गाय जगत होती.

"भाऊजी," मी शेवटी म्हटलं, "माझी मेंढरं कोंडवाड्यात घाला."

बारेंद साठीचा, लांब दाढीचा, चर्चच्या पंचांत बसणारा माणूस. त्याचे डोळे भरून आले.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही मला इतका नीच समजता? दुष्काळात विधवेची मेंढरं कोंडवाड्यात घालू?"

अकरा वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा वहिनी म्हटलं, आणि तेही नको तेव्हा.

"अहो, मीच सांगतेय घाला म्हणून." मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. झरा, हौद, परवाना. त्यानं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली.

"कोंडवाड्याचा कागद मी पाहिलाय," तो म्हणाला. "त्यात नुकसानीचा रकाना असतो. जनावरांनी काय खाल्लं ते लिहायचं आणि खाली शपथेवर सही करायची."

"मग लिहा, गवत खाल्लं."

"माझ्या रानात गवत कुठाय?"

"झुडपं लिहा."

"झुडपं तर नाहीतच. काटक्या आहेत. देवाची शपथ घेऊन काटक्यांचं नुकसान लिहू? वहिनी, मला खोटं लिहिता येणार नाही."

"एक शब्द, भाऊजी."

"एक काय नि शंभर काय."

माझा तोल गेला. "अकरा वर्षं भुंकलास," मी म्हटलं, "आणि आता चावायची वेळ आली तर तोंडात दात नाहीत तुझ्या." म्हटलं ते म्हटलं. आतून मार्टिनाच्या खोकल्याचा आवाज आला. मी बग्गीत बसले आणि घरापर्यंत घोड्याला विनाकारण शिव्या घातल्या.

घरी येऊन अपोलिसला सांगितलं, "उद्या पहाटे कळप त्याच्या हद्दीवर ने आणि सोडून दे. पुढे काय व्हायचं ते होऊ दे. इथं मरायचं ते तिथं मरतील, निदान त्याला सोलावी लागतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी रीटफ्लेईच्या वाटेवर धुळीचा लोट दिसला. लांबट, हळूहळू सरकणारा. मेंढरांचीच धूळ. अपोलिस परतला नव्हता, तोही त्यांच्यामागे गेला असणार. मी ओसरीवर उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. लिहिला वाटतं म्हाताऱ्यानं एक खोटा शब्द, असं मनात म्हटलं, आणि खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. देवमाणसालाही कधी तरी वाकावं लागतं.

चौथ्या दिवशी फान घोडा फेसाळवत आला.

"मावशी, मेंढरं परवान्याशिवाय हलली."

"मी नाही हलवली. भटकली. शेजाऱ्यानं पकडून कोंडवाड्यात घातली. आता कायद्याचं पुस्तक काढ आणि मला दाखव."

त्यानं काढलं. पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. मग ते मिटून खिशात ठेवलं आणि बुटाकडे बघत राहिला.

"बरं झालं, मावशी," तो हळूच म्हणाला. "मला रात्र-रात्र झोप नव्हती."

त्याला मी पूर्ण कप कॉफी दिली.

दोनदा बुडवून झाल्यावर मालकानं सोडवायला यावं असा निरोप आला आणि मी रीटफ्लेईला गेले. मेंढरं झऱ्याकाठी उभी होती, औषधाच्या वासाची, ओली, कुरूप आणि जिवंत. तीनशे एकसष्ट. अपोलिस त्यांच्यात बसला होता. फाननं तिथंच आंद्रीसकडे न्यायचा परवाना लिहून ठेवला होता.

कोंडवाड्याचे कारभारी थ्यूनिस बोर्नमान. त्यांचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, आणि नियम असा की मालकाला सगळा कागद वाचून दाखवायचा. मी म्हटलं, सही कुठे करायची ते दाखवा. ते म्हणाले, आधी वाचन. तारीख वाचली, शेताचं नाव वाचलं, मेंढरांच्या कानाची खूण वाचली, एकेक शब्द चघळत. मला वाटलं मी तिथंच म्हातारी होणार.

"जनावरे आत कशी आली," ते वाचत होते. "फाटक उघडे होते. कोणी उघडले ते पाहिले नाही. नुकसान: विहिरीजवळील लसूणघास, संपूर्ण, मुळापर्यंत. मागितलेली भरपाई." ते थांबले. "हा रकाना त्यानं कोरा ठेवला. कोरा चालत नाही, वरून कागद परत येतो. मी रेघ मारली."

"परत वाचा," मी म्हटलं.

"रेघ?"

"नुकसान."

त्यांनी परत वाचलं.

बाहेर येऊन मी अपोलिससमोर उभी राहिले. "लसूणघास कसा खाल्ला? तू तर हद्दीवर सोडणार होतास."

"सोडली कुठं? बारेंद मालक हद्दीवर उभे होते. म्हणाले, ये. विहिरीपर्यंत घेऊन गेले. एका हातानं फाटक उघडून धरलं आणि तोंड रानाकडे फिरवून उभे राहिले. शेवटची मेंढी आत जाईपर्यंत वळले नाहीत. म्हणाले, अपोलिस, मी काही पाहत नाहीये. मेंढरांनी एका घासात संपवला, बाई. मग दोघांनी मिळून इथवर आणली. दोन कोकरं त्यांच्या खोगिरावर होती."

"तू मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही आत्ता आलात."

मी बग्गीच्या पायरीवर बसले. इतका राग मला साहेबांचाही आला नव्हता. एक शब्द. काटक्या, झुडपं, गवत, काहीही लिहायचं, कोण बघायला येणार होतं? बोर्नमान? पण या म्हाताऱ्याला कागद खरा करायचा होता, म्हणून त्यानं आपल्या बायकोचं दूध माझ्या मेंढरांना खाऊ घातलं. आणि मी त्याला बिनदातांचा कुत्रा म्हणून आले होते.

घरी माझ्या दोन दुभत्या शेळ्या होत्या. शेळी काटक्यांवरही जगते. मी ठरवलं, दोन्ही त्याच्या दारात बांधून यायच्या. वाटेत फानच्या घरी थांबून सांगितलं.

तो डोकं खाजवायला लागला. "मावशी, शेळ्याही त्याच कायद्यात येतात. आधी तपासणी, मग..."

"पुरे," मी म्हटलं.

संध्याकाळी दोन्ही शेळ्यांची धार काढली, किटलीला फडकं बांधलं आणि दीड मैल चालत गेले. दुधाला अजून परवाना लागत नाही. विहिरीशेजारचा तुकडा ओसरीसारखा उघडा पडला होता. गाय त्याच्या मधोमध उभी होती, हुंगत. बारेंद दारात आला. मी किटली पुढे केली. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"भाऊजी, तुम्ही मूर्ख आहात," मी म्हटलं.

"असेन," तो म्हणाला आणि किटली घेतली. "आत या. मार्टिना विचारत होती, वहिनी रागावून का गेल्या."

पाऊस पडायला नऊ आठवडे लागले. मी रोज संध्याकाळी गेले, रविवारसुद्धा.